दाराच्या पॅडमागे चिठ्ठी ठेवणाऱ्या वायरमनदादांना

दादा, स. न. वि. वि.

चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. गाडी बाहेर काढताना आभार मानायला लागलो तर "ठीक आहे हो, झालं ना काम" म्हणत तुम्ही पुढच्या बॉनेटखाली डोकं घातलंत. तिथे राहिलेलं इथे लिहितो. जरा लांबेल, कारण तुम्ही केलं ते नेमकं काय होतं हे इतर गाडीवाल्यांनाही कळायला हवं.

माझ्या गाडीच्या सेंट्रल लॉकिंगचं दुखणं तसं नेहमीचंच. रिमोट दाबला की तीन दारं खटकन लॉक व्हायची, ड्रायव्हरचं दार ढिम्म, आणि पुढच्याच क्षणी ती तिन्ही दारं परत उघडायची. दार अर्धवट उघडं असलं की मात्र आतल्या स्विचवर ड्रायव्हरच्या लॉकची मोटर अधूनमधून आवाज करायची. एवढ्या वर्णनावर तुम्ही म्हणालात, "बिजागरीपाशी वायर तुटली असणार. तरी बघू." त्या "तरी बघू" या दोन शब्दांसाठी तुमच्याआधी गाडी बघितलेल्या मंडळींनी तुमच्याकडे शिकवणी लावायला हरकत नाही.

त्यांचं थोडक्यात सांगतो. एकाने रिमोटचा सेल बदलला. बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकत होते, म्हणजे रिमोटचा सिग्नल गाडीपर्यंत पोचून मॉड्यूलने, म्हणजे लॉकिंग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याने, तो मान्यही केला होता. शिवाय आतल्या स्विचवरूनही तोच प्रकार होत होता आणि त्या स्विचचा रिमोटशी काडीचा संबंध नाही. तरी सेल बदलला. दुसऱ्याने काहीही न तपासता ड्रायव्हरच्या दाराची लॉक मोटर बदलली. फरक शून्य, तर म्हणे नवीन मोटरही खराब निघाली असेल. तिसऱ्याने गाडी स्कॅनरला लावली, ड्रायव्हरच्या दाराच्या लॉकचा बिघाडाचा कोड वाचला आणि थेट मॉड्यूल बदलायला सांगितलं. कोड कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे तेवढं सांगतो. त्या सर्किटमध्ये मोटर येते, लॅच म्हणजे दार अडकवणारी कडी येते, कपलर म्हणजे वायरींचे जोडणीचे खटके येतात, फ्यूज येतो आणि मीटरभर वायरही येते. सगळ्यात महाग वस्तूवर आधी बोट ठेवायला स्कॅनर कशाला लागतो?

तुम्ही कुठलंही पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढायच्या आधी ड्रायव्हरची काच खाली घेतलीत आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. बिघडलेलं सेंट्रल लॉकिंग तपासताना किल्ली आत आणि माणसं बाहेर व्हायला लॉकच्या हुकुमाचा एक वेडावाकडा पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक झटका, पुरतो. जाणत्या माणसाची पहिली खूण इथेच दिसली.

तिन्ही दारं लगेच परत का उघडायची, तेही तुम्ही हात चालू असतानाच समजावलंत. ड्रायव्हरच्या दाराच्या लॅचमध्ये किंवा मोटरमध्ये एक छोटा स्विच असतो, तो मॉड्यूलला सांगतो की हे दार लॉक झालं की नाही. हुकूम सुटूनही ड्रायव्हरचं दार "मी उघडंच आहे" असं कळवत राहिलं, तर बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल सगळीच दारं उघडून टाकतं. म्हणजे मॉड्यूल बिघडलं नव्हतं, ते त्याचं काम चोख करत होतं. ज्या वागण्यावरून त्याला बदलायला निघाले होते, तोच ते शाबूत असल्याचा पुरावा होता.

मग तो मल्टिमीटरचा प्रश्न. मोटरच्या कपलरवर आधीच्यांनीही मीटर लावला होता आणि "बारा व्होल्ट येतायत, म्हणजे वायर चांगली" असं ठरवून टाकलं होतं. मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही. आतलं तांबं तुटून टोकं नुसती एकमेकांना शिवत असली तरी तो बिनदिक्कत १२ दाखवेल. मोटरला सुटताना काही अँपिअर लागतात, त्या नुसत्या शिवणाऱ्या टोकांतून तेवढा करंट जायला लागताच व्होल्टेज कोसळतं आणि मोटर जागची हलत नाही. त्यात लॉकचा पल्स एका सेकंदाहूनही लहान. साधा डिजिटल मीटर आकडा स्थिर करेपर्यंत पल्स निघून गेलेला असतो.

तुम्ही इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब दोन वायरींना जोडून आणलात. असा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे वायरवर खरा भार पडतो. मोटरचा कपलर काढून तो बल्ब मोटरच्या दोन वायरींमध्ये लावला. लॉक केलं तर पेटला नाही, अनलॉक केलं तरी नाही. एलईडीचा टेस्टर असता तर टोकं जेमतेम शिवली तरी झळकला असता आणि फसवून गेला असता. शेजारच्या दारावर तोच बल्ब दोन्ही वेळा लख्ख. मग मोटर सोडवून दोन वायरींनी सरळ बॅटरीवर क्षणभर टेकवली: खट. उलट करून टेकवली: खट. मोटर ठणठणीत. आधी काढलेली जुनी मोटर डिकीत पडून होती, तिलाही तसंच टेकवलंत. तीही खट. त्यावर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, नुसतं बघितलंत.

हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सुटी करून सांगतो. बहुतेक गाड्यांत या मोटरच्या दोन्ही वायरी एरवी अर्थवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या असतात. लॉक करताना एकीला बारा व्होल्ट मिळतात, अनलॉक करताना दुसरीला. त्यामुळे कुठलीही एक वायर तुटली तरी त्या दाराचं लॉक आणि अनलॉक दोन्ही जातं. दार एकाच दिशेला चालत असेल तर वायरच्या मागे लागू नका. फक्त त्याच दाराचं तसं होत असेल तर बहुधा लॅच सुकलंय, दांडी वाकलीय किंवा तिची प्लॅस्टिकची क्लिप सुटलीय. सगळ्याच दारांचं तसं असेल तर बहुधा रिले, म्हणजे मोटरींना वीज सोडणारा स्विच. आणि सगळं एकदम मेलं असेल तर आधी फ्यूज बघा. खात्री करायला म्हणून बटण सलग दाबत बसू नका, बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल किंवा मोटरमधलं तापसंरक्षण काही वेळासाठी लॉकिंग बंदच करतं आणि मग चांगली वस्तूही मेल्यासारखी वाटते.

पुढचं बघण्यासारखं होतं. दार आणि त्याच्या बिजागरीचा खांब यांच्यामधलं, वायरी झाकणारं रबरी बूट तुम्ही खाचेतून अलगद सोडवलंत आणि आतली एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढलीत. चांगली वायर ओढली तर ताठ राहते. आतलं तांबं तुटलेली वायर रबरासारखी लांबते, कारण तिथे फक्त वरचं प्लॅस्टिक उरलेलं असतं. मोटरची निळी वायर अशीच लांबली. बाहेरून आवरण अगदी नवंकोरं, एक चीर नाही. ड्रायव्हरचं दार सगळ्यांत जास्त उघडतं, वायर दर वेळी त्याच जागी मोडते, तांबं कडक होत जातं आणि एकेक तार तुटत जाते. दार लावल्यावर तुटकी टोकं दूर सरायची, अर्धवट उघडलं की एकमेकांना शिवायची. मोटरचा तो लहरी आवाज त्यामुळेच. हिरवी वायरही अर्धी गेली होती. लॅचच्या स्विचची पातळ वायर तर नुसती आवरणावर तग धरून होती.

जोडकाम करतानाही तुम्ही आडवाट धरली नाहीत. बॅटरीचा निगेटिव्ह काढलात, कारण दाराकडे जाणाऱ्या वायरींमध्ये एअरबॅगच्या सेन्सरचीही वायर असू शकते. तुटल्या जागीच पीळ मारून टेप गुंडाळणारे पुष्कळ. तुम्ही बूटच्या आतला सगळा तुकडा काढून टाकलात, त्याच रंगाची, त्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घातलीत आणि जोड बूटच्या बाहेर नेलेत: एक बाजू दाराच्या आत, दुसरी खांबाच्या आत, जिथे काहीच वाकत नाही. सगळे जोड एकाच रेषेत आले तर तिथे गाठ होते, म्हणून प्रत्येक जोड शेजारच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे. जोड सोल्डर न करता क्रिंप केलेत, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्के केलेत. सोल्डर तारांमध्ये शोषला जातो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि थरथरीने बरोबर त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळून बसणारी श्रिंक स्लीव्ह. बूटच्या आत मात्र टेप अजिबात नाही, वायरी एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत म्हणून. दार पूर्ण उघडून ताण बघितलात, मगच बूट खाचेत बसवलंत.

जाता जाता फ्यूज काढून बघितलात. २० अँपिअरच्या जागी कुणीतरी ३० चा बसवून ठेवला होता. तोही बदललात. एखादी वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आधी फ्यूज जळायला हवा. मोठा फ्यूज घातला की फ्यूज शाबूत राहतो आणि दारातली वायर जळते. हे ज्याने केलं त्याला दिवसभरात कुणाची ना कुणाची गाडी सोपवली जाते, हे आठवलं की अजूनही डोकं फिरतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

पॅड परत बसवायच्या आधी तुम्ही खिशातून मार्कर काढलात, पांढऱ्या टेपची एक पट्टी दाराच्या आतल्या पत्र्यावर, पाणी लागणार नाही अशा जागी चिकटवलीत आणि लिहिलंत: निळी, हिरवी, पातळ तपकिरी बदलली. जोड दारात बूटपासून चार बोटं, खांबात सहा बोटं. फ्यूज २०. मोटर तपासली, चांगली आहे. खाली महिना आणि साल. स्वतःचं नाव नाही, दुकानाचं नाही, फोन नंबर नाही. कशाला म्हणून विचारलं तर म्हणालात, "पुढचा कोण उघडेल त्याला शोधायला नको."

पुढचा कोण, ते तुम्हाला ठाऊक नाही. तो तुमचा माणूस नाही, कदाचित तुमच्या पोटावर पाय देणारा शेजारचा दुकानदारच असेल. ती पट्टी गिऱ्हाइकाला दिसणार नाही, बिलात धरता येणार नाही आणि तिच्यामुळे पुढचं काम तुमच्याकडेच येईल असंही नाही, उलट दुसऱ्याचं सोपं होईल. आधी ज्यांनी ते पॅड उघडलं त्यांनी मागे काय ठेवलं होतं? तीन मोडक्या क्लिपा, एक हरवलेला स्क्रू आणि फाटका प्लॅस्टिकचा कागद. आपल्या कामाची खूण कुणाला सापडू नये अशा बेताने काम करणारी माणसं सगळ्याच धंद्यांत भेटतात, कार्यालयात, दवाखान्यात, बांधकामावर. जोड कुठे मारलाय ते स्वतःहून सांगणारा विरळा. जोड लपवला तर तो आपल्याच हातचा होता हे कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि लिहून ठेवला तर उद्या तो सुटल्यावर नाव ठेवायला जागा मिळते. तुम्ही ती जागा आपणहून दिलीत. त्या तीन ओळींमुळे मला गाडीपेक्षा माणसांबद्दल जास्त बरं वाटलं, हे खरं सांगतो.

त्या फाटक्या कागदाचंही सांगायला हवं, कारण अनेकांना तो फेकून द्यायची वस्तू वाटते. काचेच्या बाहेरच्या रबरातून दारात पाणी जातंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. तो कागद पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. तो फाटला की पाणी पॅडमागून गालिच्यात उतरतं, आणि पायापाशी असलेल्या कपलरांच्या पिना हिरव्या पडायला लागतात. तुम्ही नवा कागद कापलात, कडेने चिकट ब्यूटाइलची दोरी फिरवलीत, तळाची भोकं तारेने मोकळी केलीत. क्लिपा नव्या लावल्यात. हे सगळं न सांगता.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे चारही लॅचना पांढरं लिथियम ग्रीस लावलं आहे. नुसता सुटा करणारा स्प्रे थोड्या दिवसांत उडून जातो, हे तुमचं म्हणणं पटलं. किल्लीच्या भोकात ग्रीस न घालता ग्रॅफाइटची पूड टाकली. मागच्या डाव्या दाराचं बूट खाचेतून सुटलेलं दिसतंय, तिथली वायर ओढून पाहिली तर ती अजून ताठ आहे. तरी एकदा तुमच्या नजरेखालून घालायची आहे, सवड असेल तो दिवस कळवा. जुनी मोटर सोबत आणतो. तुमच्याकडच्या शिकाऊ पोरांना बॅटरीवर टेकवून बघायला उपयोगी पडेल.

आपला,
एक गाडीवाला