मधुरा, जीए वाच, पण वेळेवर जेव

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा केला नाही. रागावले नव्हते. फोनवर आपलं दोघींचं लगेच वाजतं, म्हणून लिहायला बसले.

मी एवढंच म्हटलं होतं, की सारख्या जी. ए. कुलकर्णींच्याच कथा वाचतेस, जरा दुसरं काही वाच. त्यावर तू म्हणालीस, ‘आई, तुला जीए कळलेच नाहीत.’ असू दे. पण त्यांच्या ‘काजळमाया’ कथासंग्रहाच्या आतल्या पानावर हळदीचं बोट उमटलंय ना, ते माझं आहे. कुकर लावून ‘विदूषक’ वाचत होते, वरण लागलं तरी उठले नाही. आजी आठ दिवस बोलत होत्या.

दसऱ्याला आलीस तेव्हा कपाटातला तो खण तू रिकामा करून नेलास. ‘निळासावळा’पासून क्रमाने वाचणार म्हणालीस, मला केवढं बरं वाटलं! बेंगळूरच्या त्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी नि कन्नड बोलून रात्री माझी लेक मराठी पुस्तक उघडते, हे मी कुणाकुणाला सांगितलंय. राजूमामालासुद्धा. पण जेवताना पुस्तक मांडीवर होतं तुझं, आमटी गार झाली. नि आता फोनवर नुसतं ‘हं’. मेमधल्या त्या गोष्टीनंतर हे सुरू झालं, म्हणून जीव धास्तावतो. तो विषय काढणार नव्हते.

तुला आठवतं, बारावीच्या सुट्टीत चिकोडीकडे जाताना तू बाबांना एकसंब्याला गाडी थांबवायला लावलीस? जीए इथं जन्मले म्हणून. भर उन्हात पानपट्टीवाल्याला तू कन्नडमध्ये विचारत होतीस, ‘कुलकर्णी मास्तर, कथा लिहायचे ते, त्यांचं घर कुठलं?’ त्याने तीन वेगवेगळ्या कुलकर्ण्यांची घरं दाखवली. तू तिन्ही घरं लांबून बघून आलीस. मी गाडीत बसून तुझ्याकडे बघत होते.

एकच लेखक सगळा वाचावा, याला माझी ना नाही. तसं वाचल्याशिवाय माणूस कळत नाही. पण जीए एकामागून एक वाचले की मनावर मळभ येतं, मलाही यायचं. ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ वाचताना निदान आपल्या भागातली घरं असतात, मावश्या असतात, गरिबी ओळखीची असते. १९७५च्या ‘रमलखुणा’त तर गाव नाही, घर नाही, ‘प्रवासी’ नि ‘इस्किलार’ दोनच दीर्घ कथा, आणि समोर नियती. ते रात्री एकटीने, उपाशीपोटी वाचायचं पुस्तक नव्हे गं.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. राग मानू नकोस.

तू म्हणतेस, जीए एकटेच राहिले, कुणाला भेटायचे नाहीत. गॉगल लावायचे, सभा-समारंभ टाळायचे, खरं आहे. ‘काजळमाया’चा १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कारसुद्धा त्यांनी प्रकाशनाच्या तारखेचा वाद झाला म्हणून परत केला. पण धारवाडच्या घरात मावसबहिणी होत्या, त्यांचं सगळं त्यांनी केलं. कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. आणि पत्रं! त्यांच्या पत्रांचे खंडच्या खंड निघालेत. दार लावून बसलेला माणूस रात्री कुणाला तरी पानंच्या पानं लिहीत होता. एकटेपणाचे जीए तू उचललेस, पत्रांचे जीए तेवढे इथेच कपाटात राहिले.

तू चार ओळी लिही. मलाच असं नाही, सुनंदाला लिही. ती दोनदा विचारून गेली.

पुढच्या शुक्रवारी खालच्या काकांचा मुलगा चन्नम्मा एक्स्प्रेसने तिकडे येतोय. त्याच्याबरोबर पत्रांचा पहिला खंड आणि ‘बखर बिम्मची’ देते. तेही जीएंचंच आहे, लहान मुलाचं. तू पाच वर्षांची असताना मी वाचून दाखवायचे, बिम्मचं नाव काढलं की घास तोंडात जायचा. कुंद्याचा डबाही देते, खोलीतल्या मुलींना वाटून खा. बाबांची शुगर आता ठीक आहे, काळजी करू नकोस. रात्री मेस किती वाजता बंद होते, आणि तू त्याआधी पोचतेस का, तेवढं नीट कळव.

तुझी,
आई