लेकराचे नखरे की त्रास?

संपादक महोदय,

जेवताना नखरे केले की आपल्याकडे लेकराला धपाटा ठरलेला. माझा नातू वरणात कुस्करलेली भाकरी पाहूनच ओकारी काढायचा. कडक भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी मात्र मिटक्या मारत खायचा. त्रास चवीचा नव्हता, लिबलिबीत स्पर्शाचा होता. हे कळेपर्यंत त्याने फार मार खाल्ला, याचं मला आजही वाईट वाटतं. साधारण २ ते ६ वर्षांच्या वयात बऱ्याच मुलांना नव्या पदार्थाची भीती वाटते. धाकाने ती वाढते, भूक मरते. जबरदस्ती न करता तोच पदार्थ पुन्हा पुन्हा ताटात दिसला, तर बरीच मुलं आपणहून चाखतात. वजनच वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. अंगणवाडीत वजन घेताना ‘काय खाववत नाही?’ हेही विचारावं.

– एक आजी, औसा (जि. लातूर)