भुजच्या छतरडीचे दोन फोटो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात भूकंपात पडलेल्या भुजच्या राजघराण्याच्या छत्र्यांचा (म्हणजे राजांच्या स्मारकांवरच्या खांबांच्या घुमट्यांचा) फोटो आला, तो बघून घरातला बिस्किटांचा जुना डबा खाली काढला, बाबांचे फोटो त्यात आहेत. २६ जानेवारी २००१, सकाळचे पावणेनऊ, आम्ही बडोद्यात शाळेत झेंडावंदनाला उभे होतो आणि झेंड्याचा खांब हलताना मी स्वतः पाहिलाय, आणि भुज तर बडोद्यापासून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर आहे! नंतर दांडिया बाजारातून ब्लँकेटं आणि कोरडा शिधा घेऊन एक ट्रक गेला, बाबा त्यात होते, कॅमेऱ्यात एकच रोल.

त्यात राव लखपतजींच्या छतरडीचा (तिकडे छत्रीला छतरडी म्हणतात) एक फोटो आहे. १७७० ची, लाल दगडाची, भुजमधली सगळ्यात मोठी छत्री ती. फोटोत घुमट नाही, छत नाही, थोडे खांब उभे आहेत आणि खाली दगडांचा नुसता ढीग. पुढेच एक कोरीव तुकडा उलटा पडलाय, वेलबुट्टीची कड दिसते पण तो खांबावरचा की छताचा ते काही केल्या कळत नाही. मग आईबाबांच्या १९८८ च्या कच्छ ट्रिपचा अल्बम काढला, म्हटलं त्यात सापडेल. त्यात छतरडी धडधाकट आहे, पण खांबाला टेकून आई उभी आहे आणि नेमकं जे कोरीव काम बघायचं होतं ते तिच्या पदराआड गेलंय. आईचा फोटो मला जीव की प्राण आहे, पण तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की आपण सगळे असेच फोटो काढतो, माणूस पुढे, वास्तू मागे अर्धीमुर्धी.

उद्या काही झालं तर कुठला दगड कुठे होता हे कारागिराला कोण सांगणार? जुन्या भिंती बऱ्याचदा दोन पदरी असतात, बाहेर घडीव दगड, आत दगडगोट्यांची भर, दोन्ही पदर धरून ठेवणारे लांब आडवे दगड कमी असले की हादऱ्याने भिंत मधून फुगते आणि सुटते. किल्लारीला १९९३ मध्ये दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं घेतली हे आपल्या लोकांना सांगायला नको. भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात भुज सगळ्यात वरच्या पट्ट्यात, बडोदं त्याच्या बरंच खाली, म्हणजे धोका कमी, पण नाहीच असं नाही, आणि भेगेत उगवलेला पिंपळ भूकंपाची वाट बघत नाही, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत अडकते ते वेगळंच.

म्हणून कळकळीची विनंती आहे, आपल्या बडोद्यातली मांडवी, लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, खंडेराव मार्केट, आणि आपल्या पोळांमधली (जुन्या गल्लीवजा वस्त्यांमधली) लाकडी नक्षीची घरं, त्यांचे तर कुणाकडे धड फोटोच नसतील, या सगळ्यांचे आत्ताच नीट फोटो काढून ठेवायला हवेत. समोरून सरळ, मग एकेक खांब, एकेक कमान, आतून छत, आणि शेजारी मोजपट्टी धरून म्हणजे माप कळतं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आर्किटेक्चरची मुलं शहरात आहेत, रविवारच्या दोनचार सकाळी दिल्या तरी पुष्कळ काम होईल. आणि तुमच्या पेपराने वाचकांकडून बडोद्याचे जुने फोटो मागवावेत, लग्नाच्या वरातीच्या फोटोत मागे मांडवी असतेच की!

बाबांच्या रोलच्या निगेटिव्ह अजून चांगल्या आहेत, बटर पेपरात गुंडाळून ठेवल्यात. स्कॅन करायला कुणी मागितल्या तर मी स्वतः ऑफिसात आणून देईन.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे