‘महागाई घटली’ म्हणजे नेमके काय घटले?

संपादक महोदय,
स.न.

किरकोळ महागाईचे मासिक आकडे जाहीर झाले आणि दर आधीच्या महिन्यापेक्षा खाली असला, की दुसऱ्या दिवशी ‘महागाई घटली’ असा मथळा हमखास छापून येतो. तो वाचून आमच्या घरी दर वेळी एकच प्रश्न निघतो : मग वाण्याचे बिल का उतरले नाही? प्रश्न रास्त आहे. चूक मथळ्याची आहे.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. किमती वाढतच राहतात, पण वाढीचा वेग मंदावतो, ते ‘डिसइन्फ्लेशन’. आणि किमतींची एकूण पातळीच खाली येते, ते ‘डिफ्लेशन’. दुसऱ्यासाठी मराठीत ‘चलनघट’ आहे. पहिल्यासाठी रुळलेला शब्द नाही, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच ‘घटली’मध्ये कोंबले जातात.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडले तेव्हा किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. पुढच्या जुलैत तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे जुलै २०२२ मध्ये १०० रुपयांना मिळणाऱ्या जिनसा वर्षभराने १०७ रुपयांच्या पुढे गेल्या आणि दर ‘निम्म्यावर’ आल्यानंतर १११ रुपयांना मिळू लागल्या. ग्राहकाच्या खिशातून गेलेले परत काहीच आले नाही. उलट, त्याच जुलै २०२३ मध्ये घाऊक महागाईचा दर शून्याखाली होता, म्हणजे घाऊक पातळीवर किमती वर्षापूर्वीपेक्षा खरोखरच उतरलेल्या होत्या. एकाच महिन्यातल्या या दोन बातम्या एकाच क्रियापदाने कशा सांगणार?

रिझर्व्ह बँकेचे महागाई दराचे उद्दिष्टही चार टक्क्यांचे, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मुभा असलेले आहे. किमती जुन्या पातळीवर आणणे हे तिचे कामच नाही. खरी चलनघट तर कोणालाच नको असते, कारण तीत मिळकत आटते आणि कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. जपानने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे दीर्घकाळ सोसले आहे.

तेव्हा ‘महागाईचा वेग मंदावला’ असे लिहावे आणि टक्केवारीशेजारी निर्देशांकाचा, म्हणजे किमतींची पातळी दाखवणारा, मूळ आकडाही छापावा, ही मनापासून विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा