कनिष्ठ वकिलाने तक्रार करायची कुठे?

महोदय,

महामार्गासाठी जमिनी गेलेल्या अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांचे वाढीव मोबदल्याचे दावे लवादापुढे चालवणाऱ्या, शहरात मोठा दबदबा असलेल्या एका वकिली कार्यालयात सनद मिळाल्यावर मी कनिष्ठ म्हणून रुजू झालो. तेथील कपाटात पक्षकारांनी सह्या केलेले कोरे चेक फाइलवार रबर लावून ठेवलेले असत. मोबदला खात्यात जमा झाला की त्यांवर रक्कम भरली जाई, आणि ठरलेल्या टक्केवारीशिवाय ‘वरचा खर्च’ म्हणून आणखी एक आकडा कापला जाई. ‘साहेबांना द्यावे लागतात’ असे शेतकऱ्याला सांगितले जाई. त्याची ना पावती, ना हिशेब. हे पैसे खरोखर कुणाला दिले जात असतील तर ती लाच आहे, आणि नसतील तर पक्षकाराची फसवणूक.

मुळात निकालावर अवलंबून फी ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यासच बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेच्या नियमांनी मनाई आहे. याबद्दल विचारले असता ‘ऑफिसची गोष्ट बाहेर जाता कामा नये’ एवढेच उत्तर मिळाले. परंतु वकिलाने पाळायची गोपनीयता ही पक्षकाराच्या रक्षणासाठी असते, आणि ज्याचे पैसे कापले गेले त्यालाच त्याचा हिशेब सांगणे हा तिचा भंग कसा ठरेल? भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ देखील बेकायदा हेतूने झालेल्या संभाषणाला हे संरक्षण देत नाही.

वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली वकिलाच्या गैरवर्तनाविरुद्ध राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, हे खरे. पण तक्रारीवर कनिष्ठाचे नाव आले की त्याच न्यायालयाच्या आवारात त्याला काम कोण देणार? शहरी भागातील कनिष्ठांना दरमहा किमान २०,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. मला त्याच्या निम्मेही मिळत नव्हते. अशा परिस्थितीत ओळखी, अशील आणि पुढचे काम या सर्वांसाठी वरिष्ठांवरच अवलंबून असलेली मुले पाहिलेले गिळून गप्प बसतात, याचे मला अतिशय दुःख होते.

महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने निदान प्राथमिक छाननी होईपर्यंत तक्रारदार कनिष्ठाचे नाव गुप्त ठेवणारी व्यवस्था तातडीने करावी. शेतकरी बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी सही केलेला कोरा चेक कुणालाही देऊ नये, आणि आधीच दिला असल्यास त्याचे पैसे अदा करू नयेत असा लेखी अर्ज बँकेत आजच द्यावा.

– एक कनिष्ठ वकील, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)