माळावर झाडे लावण्याआधी शिक्षकांना माळ दाखवा

महोदय,

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. हे दोन दिवस धरून मधला आठवडा आपले राज्य २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा करते. बहुतेक वर्षी तो दिवाळीच्या सुट्टीत किंवा सुट्टीच्या काठावर येतो. मग शाळा उघडल्यावर एक चित्रकला स्पर्धा होते, पोपट आणि मोर रंगवले जातात, फोटो गटावर टाकले जातात आणि सप्ताह संपतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी स्वतः जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका आहे आणि अशा स्पर्धा मीही घेतल्या आहेत. मला बोलायचे आहे ते शिक्षकांविषयी, कारण पक्ष्यांबाबत मुलांच्या आधी आम्हालाच शिकवण्याची गरज आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपणाचे उद्दिष्ट आले. गावात रिकामी जागा म्हणजे माळ, असे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले. गिरिपुष्प आणि करंजाची रोपे घेऊन साठेक मुलांना माळावर नेले. खड्डे खणणे सुरू असताना सहावीतला एक मुलगा ओरडला, “बाई, पाय नका ठेवू, अंडी हायती!” खड्यांसारखीच दिसणारी दोन ठिपकेदार अंडी उघड्या जमिनीवर होती. ना घरटे, ना काडी. एकावर तोवर कुणाचा तरी पाय पडला होता. थोड्या अंतरावर एक तांबूस पक्षी चार पावले पळायचा, थांबायचा, पुन्हा पळायचा. त्या मुलाचे आजोबा मेंढ्या राखतात, म्हणून त्याला ते दिसले. मी पदवीधर, मला दिसले नाही. तो पक्षी धाविक होता, हे मला नंतर एका वनरक्षकाने सांगितले.

ते फुटलेले अंडे माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाही.

धाविक, टिटवी, चंडोळ, डोंबारी हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी. त्यांना झाडे नकोत, आखूड गवत आणि मोकळे आभाळ हवे. आपल्या सोलापूरचा माळढोकही त्यातलाच. त्या आजोबांच्या तोंडी त्याचे नाव ‘हूम’. नर घुमतो तेव्हा तसाच आवाज येतो म्हणून. ‘बाई, आमच्या तरुणपणी पावसाळ्यात हूम घुमला की लांबून ऐकू यायचा,’ असे ते सांगतात. १९७९ मध्ये नान्नजसह सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. माळढोकाची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. ते अंडे गेले की ती वीण वाया गेली. आज जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही मुख्यतः राजस्थानात जैसलमेरकडे. आपल्या माळावर तो दिसलाच तर बातमी होते. माळ नांगराखाली गेला, विजेच्या तारा आल्या, भटकी कुत्री वाढली, आणि जो उरला त्यावर ‘पडीक’ म्हणून झाडे लावली गेली. सातबाऱ्यावरचा ‘पडीक’ हा शब्द आम्ही जसाच्या तसा वर्गात नेला. ‘झाडे लावा’ हे खरेच आहे, पण कुठे लावू नयेत हे आम्हाला कोणी सांगितले नाही, म्हणून आम्ही मुलांना सांगितले नाही.

जिल्ह्यात पक्षी ओळखणारे शिक्षक नाहीत असे नाही. उजनीच्या काठच्या शाळांत रोहित पक्ष्यांचे थवे मोजणारे आहेत, सुगरणीच्या घरट्यांवर वर्षभर प्रकल्प करून घेणारे आहेत. पण जो तो आपापल्या शाळेत एकटा. त्यांची बदली झाली की ते कामही त्यांच्याबरोबर जाते. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला भरते, तिथे भाषा आणि गणित यांवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण वर्षातली एक परिषद सभागृहाऐवजी पहाटे माळावर किंवा तळ्याकाठी का भरू नये?

नागालँडमधले पांगती गाव आठवते. २०१२ मध्ये तिथे दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे जाळ्यांत हजारोंनी मारले जात होते. ते उघडकीस आल्यावर वन विभाग, गावपरिषदा, चर्च आणि स्वयंसेवी संस्था कामाला लागल्या, गावांत मुलांची निसर्ग मंडळे सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथली शिकार थांबली. दंडाच्या भीतीने एवढे साधले असते असे मला वाटत नाही. आफ्रिकेकडे जाताना त्यातले काही ससाणे महाराष्ट्रावरून उडत जातात, म्हणजे त्या गावाने राखलेला पक्षी आपल्याही आभाळातला आहे.

म्हणून शिक्षण विभाग आणि वन विभाग या दोघांनाही माझी विनंती आहे. दोन्ही खात्यांनी मिळून दर तालुक्यातल्या निदान तीस शिक्षकांना एकत्र आणावे. त्यांना तज्ज्ञांच्या भाषणापेक्षा दोन सकाळी दुर्बीण द्यावी, सोबत वनरक्षक आणि गावातला एखादा मेंढपाळ द्यावा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारखी १८८३ पासूनची संस्था आपल्याच राज्यात आहे, गोरेगावला तिचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. ‘अर्ली बर्ड’ हा उपक्रम मुलांसाठी पक्ष्यांचे साहित्य भारतीय भाषांत तयार करतो. साहित्याची अडचण नाही, आम्हाला एकमेकांशी कोणी जोडून दिलेले नाही. एकदा ओळखी झाल्या की पुढचे आम्ही करू: कुठल्या गावात कुठला पक्षी विणीला येतो याची नोंद, मुलांच्या बोलीतली पक्ष्यांची नावे, आणि वृक्षारोपणासाठी जागा ठरवताना ग्रामसभेत उभे राहून बोलणारा एक तरी शिक्षक.

पक्षी सप्ताहाची वाट पाहू नये. मृगाच्या आधी, मे महिन्यातच हे व्हावे, कारण जूनमध्ये रोपे येतात आणि त्याच वेळी टिटवी आणि धाविक अंड्यांवर असतात. आमच्या केंद्रात पहिली सकाळ भरवायची असेल तर जागा दाखवायला मी तयार आहे, आणि ते आजोबाही येतो म्हणाले आहेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
उत्तर सोलापूर तालुका