पिशवीतला बोका परत पाठवणाऱ्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल. बाजारात तुमच्यासमोर उभी राहून एवढं बोलायला गेले तर मागची गिऱ्हाइकं मला ढकलून पुढे होतील, आणि तुम्हीही "बरं बरं, बोंबील बघ" म्हणून विषय मिटवाल.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. अलिबागच्या मासळी बाजारात त्या दिवशी गिऱ्हाईक कमी, म्हणजे बघणारे डोळेही कमी, असा हिशोब करूनच मी आले होते. हातात चेन लावलेली कापडी पिशवी आणि पिशवीत आमचा गुंड्या. तुम्ही कोलंबी सोलत होतात. मान वर न करताच विचारलंत, "काय हाय गो त्या पिशवीत? वराडतंय कवापासून."

मी खोटं बोलले. डॉक्टरकडे नेतेय म्हटलं. खरं तर सोडायलाच आणलं होतं. मासळी बाजारात मांजर सोडलं की ते उपाशी मरत नाही, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत आणि त्यानं मनाला जरा बरं वाटतं.

गुंड्या आधीच्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडला होता. मुठीएवढा. आठ-नऊ महिने तो आईच्या मांडीवर लोळला. मग एकेक सुरू झालं. दोन-दोन रात्री घराबाहेर. पहाटे कौलांवर ते लहान मूल रडल्यासारखं गळा काढणं. चपलांचं कपाट, गॅसचा सिलिंडर, बाबांची वर्तमानपत्रांची चळत, सगळ्याला पाठ लावून शेपटी ताठ करायची, ती थरथरवायची आणि फवारा. एकदा देवघराच्या दाराला. आई फिनेल ओतायची, तो दुसऱ्या दिवशी नेमका तिथेच पुन्हा. त्यात एकदा गाल लिंबाएवढा सुजवून आला. पू झाला होता.

हे सगळं आईनं सोसलं. पण एका संध्याकाळी समोरच्या भिंतीवर एक पिवळा दांडगा बोका येऊन बसला. गुंड्या खिडकीत, अंग फुगवून, घशातून गुरगुरत. आई मागून तांदळाचं ताट घेऊन निघाली आणि त्यानं वळून तिची पोटरी धरली. सोडेचना. दात पार आत गेले. जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुतली, मग दवाखाना, धनुर्वाताचं, रेबीजची इंजेक्शनं. रात्री भाऊ म्हणाला, पिसाळलाय हा. आई काहीच बोलली नाही. तिनं फक्त त्याची ताटली उचलून मोरीत ठेवली.

माझं खोटं तुम्हाला कळलं होतं. तुम्ही पिशवीची चेन दोन बोटं उघडून आत पाहिलंत आणि म्हणालात, "सोडशील तर रातीच फाडतील याला." मग कोयतीच्या टोकानं दोन बोके दाखवलेत. एक टोपल्यांच्या मागे, हे एवढं रुंद तोंड, एक डोळा मिटलेला, कानाच्या चिंध्या. दुसरा तुमच्या बर्फाच्या पेटीखाली पाय पसरून झोपलेला, कानाचं टोक सरळ कापलेलं. कोणी मुलं पिंजरे घेऊन आली होती, त्यांनी त्याचं ऑपरेशन करून आणून सोडला, असं तुम्ही सांगितलंत. "दोघं एकाच मांजरीचे. बैलाला खच्ची करतात ना, तसंच. घे घरी." मी पैसे काढायला लागले तर हातात कोलंबीची मूठ ठेवलीत, त्याच्यासाठी.

आमच्या घरात हे कोणालाच सुचलं नव्हतं. नसबंदी म्हणजे मांजरींची, पिल्लं होऊ नयेत म्हणून. बोक्याला कशाला, तो थोडाच पिल्लं घालतोय, असाच आमचा समज.

डॉक्टरांनी आधी मलाच झापलं. सहा महिन्यांचा असताना आणायला हवा होता म्हणाले. अंगात नराचं संप्रेरक चढलं की हद्द राखणं, मादीमागे भटकणं, दुसऱ्या नराशी झुंजणं, फवारे, सगळं एकदमच येतं. ते रुंद गालफडही त्यानंच येतं. सुळा सुईसारखा, त्यामुळे वरचं भोक लगेच बुजतं, घाण आत राहते आणि गळू होतं. चावण्यातूनच बोक्यांना एक विषाणूही लागतो, माणसाला न होणारा, पण त्यांची प्रतिकारशक्ती खाणारा. आईला चावला तो राग तिच्यावरचा नव्हताच. पिवळ्यापर्यंत पोचता येईना, म्हणून जे जवळून गेलं त्याच्यावर निघाला. आणि फिनेल बंद करा, ते मांजराला विषारी असतं, हेही त्यांनी बजावलं.

ऑपरेशनला रिक्षाच्या फेरीपेक्षा कमी वेळ लागला. टाकेसुद्धा नाहीत. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवला होता, तेवढीच काय ती बोंबाबोंब. संप्रेरक उतरायला काही आठवडे जातात, तोवर घरात कोंडा, असं सांगितलं होतं. पहिले पंधरा दिवस काहीच फरक दिसेना, तेव्हा भाऊ रोज माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. तिसऱ्या आठवड्यात कपाटाचा वास गेला. मग रात्रीचं रडणं थांबलं.

अगदी साधू झाला असं नाही. पिवळा दिसला की अजूनही गुरगुरतो. म्हणून खिडकीच्या खालच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलंय आणि गुरगुरत असताना त्याच्या जवळून कोणी जात नाही. थोडा जाडही झालाय, खाणं कमी करायला हवं. पण परवा आई टीव्ही बघताना तो त्याच पोटरीला टेकून झोपला होता. तिनं पाय हलवला नाही. जाहिराती लागल्या तरी.

मावशी, तुमचे आभार कसे मानायचे हे मला कळत नव्हतं. साडी घेऊन आले असते तर तुम्ही परत पाठवली असती, त्या पिशवीसारखी. म्हणून एक ठरवलंय. तुमच्या टोपल्यांमागच्या त्या एकडोळ्याचा खर्च माझा. डॉक्टरांशी बोलून झालंय, पिंजराही मिळालाय. शनिवारी सकाळी सातला येते. पिंजऱ्यात ठेवायला थोडंसं वासाचं काही लागेल, सुका जवळा चालेल. पण शुक्रवारी रात्री त्याला खायला घालू नका. तो कितीही ओरडला तरी.

तुमची,
कोलंबीची मूठ नेलेली गिऱ्हाईक